ठाणे, नवी मुंबईत नवीन आलात आणि मुलांची शाळा शोधताय? कुठून सुरुवात करायची, काय काय लेखी मागायचं

आम्ही सांगलीहून ठाण्यात आलो तेव्हा लेक साडेतीन वर्षांची होती, घोडबंदर रोडला भाड्याने घर घेतलं, सोसायटीत कुणाची ओळख नाही, आणि पहिल्याच आठवड्यात लिफ्टमध्ये एका ताईंनी विचारलं, ॲडमिशन झालं का? महिना होता ऑक्टोबर. मी म्हटलं शाळा तर जूनला सुरू होते ना, तर त्या म्हणाल्या अहो फॉर्म संपले सुद्धा. त्या घाईत आम्ही जी शाळा पहिली "हो" म्हणाली तिथे पैसे भरून मोकळे झालो आणि पुढची तीन वर्षं त्याचं फळ भोगलं. ते पुढे सांगतेच. आता दर वर्षी नवीन आलेले पालक मला तेच तेच प्रश्न विचारतात म्हणून सगळं एकदाच सविस्तर लिहून ठेवतेय, थोडं लांब होईल पण सगळं वाचा.

सगळ्यात आधी: तुमचं घर कोणाच्या हद्दीत आहे ते बघा

हे कुणी सांगतच नाही. ठाणे शहरात असाल तर ठाणे महानगरपालिकेचा शिक्षण विभाग. ऐरोली ते बेलापूर म्हणजे घणसोली, कोपरखैरणे, वाशी, सानपाडा, नेरूळ, सीवूड्स वगैरे नवी मुंबई महानगरपालिका, आणि जिल्हा ठाणेच. पण बेलापूरच्या पुढे खारघर, कामोठे, कळंबोली ही पनवेल महानगरपालिका, आणि जिल्हा रायगड! बोलताना आपण सगळ्यालाच नवी मुंबई म्हणतो पण उत्पन्नाचा दाखला काढायला नेरूळवाल्याला ठाण्याच्या तहसीलदारांचा लागतो आणि खारघरवाल्याला पनवेलच्या. आरटीईचा (म्हणजे शिक्षण हक्क कायद्याखाली खाजगी शाळेत मोफत प्रवेशाचा, पुढे सविस्तर सांगतेच) फॉर्म भरताना जिल्हाही त्याप्रमाणेच निवडायचा, तक्रार करायची वेळ आली तरी तेच. खारघरला राहणारे एक जण ठाण्याच्या झेडपीत दोन चकरा मारून आले, तिथे कळलं की तुमचं अलिबागला.

वय

महाराष्ट्रात ३१ डिसेंबर ही तारीख धरतात. ज्या वर्षी प्रवेश घ्यायचाय त्या वर्षाच्या ३१ डिसेंबरला नर्सरीसाठी ३ वर्षं पूर्ण आणि पहिलीसाठी ६ वर्षं पूर्ण पाहिजेत. काही शाळा स्वतःची वेगळी तारीख सांगतात, तेव्हा शांतपणे विचारा की ही तारीख कुठल्या आदेशात आहे. आणि माझं वैयक्तिक मत, मूल नोव्हेंबर-डिसेंबरचं असेल तर बसवता येतं म्हणून बसवूच असं करू नका, एक वर्ष थांबलं तर काही बिघडत नाही, वर्गात सगळ्यात लहान असल्याचा त्रास मुलाला होतो, आपल्याला नाही.

खाजगी शाळांचे नर्सरीचे फॉर्म दिवाळीच्या आधीपासूनच निघतात. सीबीएसई, आयसीएसई शाळा बहुतेक एप्रिलमध्ये सुरू होतात, स्टेट बोर्ड जूनमध्ये. महापालिकेच्या आणि अनुदानित शाळांत जूनपर्यंत सुद्धा जागा मिळते, त्यामुळे ऑक्टोबरमध्ये कुणी "संपलं सगळं" म्हटलं तर आमच्यासारखं घाबरू नका.

बोर्ड आणि माध्यम

यावर लोक रात्र रात्र वाद घालतात, मी थोडक्यात सांगते. नोकरी बदलीची असेल, दुसऱ्या राज्यात जावं लागेल तर सीबीएसई सोयीचं. इथेच राहायचं असेल तर स्टेट बोर्डात काहीही कमी नाही, आणि मुंबई विभागाचं बोर्ड ऑफिस वाशीलाच आहे त्यामुळे दहावीनंतर मार्कशीटचं काही काम निघालं तर पुण्याला पळावं लागत नाही. आयबी, केंब्रिज ही आंतरराष्ट्रीय बोर्डं, हा फीचा विषय आहे, ज्यांना झेपतं त्यांनी बघावं.

माध्यमाबद्दल मात्र मनापासून सांगते. नौपाड्यात डॉ. बेडेकर विद्यामंदिर, सरस्वती यांसारख्या मराठी शाळा आजही चालू आहेत, एकदा तरी जाऊन बघून या. आपण मराठी घरातले लोक मराठी शाळेचं गेटसुद्धा न बघता निर्णय घेतो याचं मला वाईट वाटतं. तुम्ही इंग्रजी निवडलं तरी एक लक्षात ठेवा, २०२० च्या कायद्याने राज्यातल्या सगळ्या बोर्डांच्या शाळांना पहिली ते दहावी मराठी शिकवणं सक्तीचं आहे, न शिकवल्यास एक लाखापर्यंत दंड आहे. "आमच्याकडे मराठी नाही, फ्रेंच आहे" असं कुणी सांगितलं तर ते चालत नाही.

आणि महापालिकेच्या शाळा! नवी मुंबई महापालिका सीवूड्स आणि कोपरखैरणेला चक्क सीबीएसई शाळा चालवते. प्रवेशाला झुंबड असते पण प्रयत्न करायला काय हरकत आहे. तिथे आणि ठाण्यातही पालिकेच्या शाळा मराठी, हिंदी, उर्दू, इंग्रजी माध्यमात आहेत. नुसतं नाव ऐकून नाक मुरडू नका, वर्गात जाऊन बसा, बाई कशा शिकवतात बघा, संडास बघा (खरंच बघा, कुठल्याही शाळेत, लाखभर फी असलेल्या शाळेत सुद्धा).

शाळा खरी आहे का ते तपासा

आता आमची गोष्ट. आम्ही जिथे पैसे भरले तिथे बोर्डावर मोठ्या अक्षरात "सीबीएसई पॅटर्न" लिहिलेलं. आम्हाला वाटलं सीबीएसईच आहे. तीन वर्षांनी, लेक पहिलीत जायच्या वेळी, एका पालकाने चौकशी केली तर कळलं संलग्नता नाहीच, पुस्तकं फक्त सीबीएसईची वापरतात, आणि प्राथमिकची राज्याची मान्यता सुद्धा "प्रोसेसमध्ये" आहे. म्हणजे आम्ही तीन वर्षं फी भरली ती कुणाला? डोळ्यात पाणी आलं होतं तेव्हा. पॅटर्न हा शब्द दिसला की तिथेच थांबा.

काय तपासायचं:

१. यू-डायस नंबर, म्हणजे शाळेचा सरकारी ओळख क्रमांक. ११ आकडी असतो, महाराष्ट्रातल्या शाळेचा २७ ने सुरू होतो. यू-डायस प्लसच्या साईटवर शाळा शोधता येते, वर्ग कितवीपर्यंत, शिक्षक किती, हे दिसतं.

२. नुसता यू-डायस पुरत नाही. पहिली ते आठवीसाठी आरटीईची मान्यता लागते, तिला इथे ऑफिसात "नमुना २" म्हणतात आणि ती तीन वर्षांची असते, परत परत घ्यावी लागते. शाळेत जाऊन सरळ म्हणा, नमुना २ ची प्रत दाखवा. ज्यांच्याकडे असते ते दोन मिनिटांत दाखवतात.

३. सीबीएसई किंवा आयसीएसई म्हणत असतील तर त्या बोर्डाच्या साईटवर संलग्नता क्रमांक टाकून बघा, आणि कितवीपर्यंत आहे तेही.

४. ठाणे आणि नवी मुंबई दोन्ही महापालिका अनधिकृत शाळांची यादी जाहीर करतात, पेपरात येते. ठाण्याच्या दिवा भागातली नावं त्यात खूप असतात, नवीन वस्ती, मुलं भरपूर आणि मान्यताप्राप्त शाळा कमी म्हणून. मान्यता नसताना शाळा चालवली तर एक लाख दंड आणि नंतर रोजचे दहा हजार अशी कायद्यात तरतूद आहे, पण दंड शाळेला होतो, वर्ष आपल्या मुलाचं जातं, म्हणून आधीच बघा.

इंटरव्ह्यू आणि डोनेशन

२००९ चा शिक्षण हक्क कायदा (आरटीई), जो १ एप्रिल २०१० पासून लागू झाला, त्याच्या कलम १३ मध्ये स्पष्ट लिहिलंय की प्रवेशासाठी मुलाची किंवा आईबापांची चाचणी घ्यायची नाही आणि ठरलेल्या फीशिवाय वर पैसे घ्यायचे नाहीत. चाचणी घेतली तर पहिल्यांदा २५ हजारांपर्यंत, नंतर प्रत्येक वेळी ५० हजारांपर्यंत दंड. कॅपिटेशन फी (म्हणजे हेच वरचे पैसे, डोनेशन) घेतली तर तिच्या दहापट. आणि महाराष्ट्रात तर कॅपिटेशन फी विरोधात १९८७ पासून वेगळा कायदा आहे.

तरी काय होतं, "इंटरॅक्शन" नावाने बोलावतात, "डेव्हलपमेंट फंड" नावाने मागतात. आम्हाला कॅश मागितली होती, पावती नाही म्हणाले. माझं सांगणं एवढंच की जे काही मागतील ते "सर, हे मला ईमेलवर किंवा लेटरहेडवर द्या" म्हणा. भांडू नका, आवाज चढवू नका, फक्त लेखी मागा. अर्ध्या वेळा तो आकडा तिथेच गायब होतो कारण लिहून द्यायची कुणाची तयारी नसते. आणि पावतीशिवाय एक रुपया देऊ नका, कितीही घाई असली तरी.

आरटीईच्या २५ टक्के जागा

यावर जास्त लिहिणार आहे कारण ज्यांना याची खरी गरज आहे त्यांच्यापर्यंत माहिती पोचत नाही, आणि पोचली तरी फॉर्म एका छोट्या चुकीने बाद होतो.

खाजगी विनाअनुदानित शाळांमध्ये प्रवेशाच्या पहिल्या वर्गात २५ टक्के जागा राखीव असतात. अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना हे लागू नाही, म्हणून यादीत शाळा दिसली नाही तर तेही कारण असू शकतं. उत्पन्न वर्षाला एक लाखाच्या आत असेल तर दुर्बल घटकात अर्ज करता येतो. अनुसूचित जाती-जमाती आणि इतर वंचित गटांना उत्पन्नाची अट नाही, जातीचा दाखला लागतो (आईचा किंवा वडिलांचा, महाराष्ट्रातला). दिव्यांग मुलांना ४० टक्के किंवा जास्त असं प्रमाणपत्र लागतं, त्यांनाही उत्पन्नाची अट नाही.

मध्ये २०२४ च्या फेब्रुवारीत सरकारने नियम बदलला होता की एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खाजगी शाळेला या २५ टक्क्यांतून सूट. शहरात तर प्रत्येक गल्लीच्या एक किलोमीटरमध्ये अशी शाळा असतेच, म्हणजे ठाण्या-नवी मुंबईतल्या बहुतेक खाजगी शाळा त्यातून बाहेर पडल्या असत्या. पालक कोर्टात गेले, मे मध्ये मुंबई हायकोर्टाने स्थगिती दिली, जुलैमध्ये तो बदल रद्दच केला आणि पुढे सुप्रीम कोर्टानेही तोच निर्णय कायम ठेवला. कुणी आजही "आता प्रायव्हेटला आरटीई नाही" सांगत असेल तर ती जुनी गोष्ट आहे.

फॉर्म ऑनलाईन आहे, फुकट आहे, साधारण जानेवारी-फेब्रुवारीत निघतो पण तारीख दर वर्षी बदलते त्यामुळे डिसेंबरपासून पोर्टल बघत राहा. दहा शाळा निवडता येतात. आता चुका कुठे होतात ते ऐका. पहिली म्हणजे नकाशावरचं घराचं ठिकाण. फॉर्ममध्ये गुगल मॅपवर फुगा नेऊन आपल्या घरावर ठेवायचा असतो, अंतर त्यावरून मोजतात, आणि सायबर कॅफेवाला घाईत तो चौकातच ठेवून देतो. मग लॉटरीत नंबर लागतो आणि पडताळणीत पत्ता जुळत नाही म्हणून प्रवेश रद्द. स्वतः बसून तो फुगा आपल्या बिल्डिंगवर ठेवा. दुसरी चूक भाडेकरार. करार रजिस्टर्ड पाहिजे, किमान ११ महिन्यांचा पाहिजे, आणि फॉर्म भरण्याच्या आधीच्या तारखेचा पाहिजे, नोटरीवर भागत नाही, म्हणून नवीन आलेल्यांनी घर घेतानाच मालकाला सांगून ठेवा की रजिस्टर करून हवं. तिसरी चूक म्हणजे उत्पन्नाचा दाखला शेवटच्या आठवड्यात काढायला जाणं, तेव्हा सेतूत रांग लागलेली असते.

लॉटरी लागली की मेसेजवर अवलंबून राहू नका, मेसेज येतोच असं नाही, पोर्टलवर अर्ज क्रमांक टाकून बघा, मग पडताळणी समितीकडे मूळ कागद घेऊन जायचं. वेटिंगला नाव असेल तरी आशा सोडू नका, पुढच्या फेऱ्यांत बरेच नंबर लागतात.

प्रवेश झाल्यावर शाळा तुमच्या मुलाला वेगळ्या तुकडीत, वेगळ्या वेळेला बसवू शकत नाही. "सरकार आम्हाला पैसे देत नाही" हे ऐकावं लागेल, त्यात तथ्यही आहे, सरकार एका मुलामागे वर्षाला १७,६७० रुपये द्यायचं ठरवतं आणि ते थकतात. पण तो शाळेचा आणि सरकारचा हिशेब, तुमच्या मुलाने त्यासाठी मान खाली घालायची नाही.

एक कडू गोष्ट मात्र आधीच माहीत असू द्या. हे मोफत शिक्षण आठवीपर्यंतच. नववीला पूर्ण फी सुरू होते. त्यामुळे दीड लाखवाल्या शाळेत नंबर लागला म्हणून आनंद करताना नववीचा विचार आत्ताच करा, आठवीनंतर जवळच्या अनुदानित शाळेत घालता येईल का, तिथलं बोर्ड कुठलं, वगैरे.

फी

फीसाठी महाराष्ट्राचा वेगळा कायदा आहे, २०११ चा, आणि तो सगळ्या बोर्डांच्या खाजगी शाळांना लागू आहे. "आम्ही सीबीएसई आहोत, आम्हाला राज्याचा फी कायदा नाही" हे चूक आहे. वर्ष सुरू झाल्यापासून ३० दिवसांत पालक-शिक्षक संघ व्हायला हवा, मुलगा शाळेत आहे म्हणजे तुम्ही आपोआप त्याचे सभासद. त्याची एक कार्यकारी समिती असते, प्रत्येक इयत्तेचा एक पालक, इच्छुक पालकांमधून चिठ्ठ्या टाकून निवडायचा. पुढच्या वर्षीच्या फीचा प्रस्ताव शाळेने सहा महिने आधी या समितीपुढे ठेवायचा असतो, आणि मान्य झालेली फी दोन वर्षांसाठी असते.

प्रत्यक्षात काय होतं, प्रिन्सिपल मॅडम ओळखीच्या चार पालकांना बोलावतात आणि सही घेतात. म्हणून जूनमध्येच (एप्रिलवाल्यांनी एप्रिलमध्ये) एक साधा ईमेल टाका की कार्यकारी समितीची निवड कधी आहे, मला नाव द्यायचंय. आमच्या आताच्या शाळेत मी असाच ईमेल टाकला, नाव चिठ्ठीत गेलं, निघालं नाही, पण चिठ्ठ्या सगळ्यांसमोर टाकल्या गेल्या, हेही खूप झालं. फीवाढीविरुद्ध विभागीय शुल्क नियामक समितीकडे जायचं तर २०१८ च्या दुरुस्तीनंतर किमान २५ टक्के पालक लागतात, एकट्याचं काम नाही, म्हणून वर्गातल्या पालकांशी ओळखी ठेवा, व्हॉट्सॲप ग्रुपवर फक्त होमवर्क विचारू नका.

पुस्तकं, बूट, गणवेश ठराविक दुकानातूनच घ्या अशी सक्ती करता येत नाही. यादी मागा आणि गोखले रोडला किंवा वाशीला जिथे स्वस्त मिळेल तिथे घ्या.

मध्येच शाळा बदलायची असेल तर

आम्ही शाळा बदलायचं ठरवलं तेव्हा टीसी द्यायला दीड महिना फिरवलं, आज क्लार्क नाही, उद्या प्रिन्सिपलची सही नाही, आधी पुढच्या टर्मची फी भरा. तेव्हा मला शिक्षण हक्क कायद्याचं कलम ५ माहीत नव्हतं. त्यात लिहिलंय की दाखला मागितला की मुख्याध्यापकांनी तात्काळ द्यायचा, उशीर केला तर त्यांच्यावर कारवाई होऊ शकते, आणि दाखला नाही या कारणाने नवीन शाळेने प्रवेश नाकारायचा किंवा लांबवायचा नाही. आठवीपर्यंत हे पक्कं. (खाजगी विनाअनुदानित शाळेत जायचं असेल तर तिथे जागा आहे का तो प्रश्न उरतोच.) दाखल्याचा अर्ज दोन प्रतींत द्या, एकीवर तारीख आणि शिक्का घ्या. दाखल्यावरचं नाव, जन्मतारीख, जात तिथेच उभं राहून जन्मदाखल्याशी जुळवा, दहावीच्या वेळी ती चूक सुधारणं फार जिकिरीचं होतं. आणि विद्यार्थ्यांची नोंद असते त्या सरकारी ऑनलाईन पोर्टलवरून मुलाचं नाव जुन्या शाळेने सोडलंय का तेही विचारा, नाहीतर नवीन शाळेत मूल वर्गात बसतं पण पोर्टलवर दिसत नाही.

दुसऱ्या राज्यातून येणार असाल तर निघण्याआधीच दाखल्यावर तिथल्या शिक्षणाधिकाऱ्याची सही घेऊन ठेवा, बऱ्याच शाळा मागतात, इथे आल्यावर ती मिळवणं अवघड.

बस, अंतर आणि सुरक्षितता

घोडबंदरवाल्यांनी नकाशावरचं अंतर बघूच नका. वाघबीळहून नौपाडा आठ-दहा किलोमीटर असेल पण सकाळी कापूरबावडीला अडकलात की लहान मुलाचा तास बसमध्ये जातो. फॉर्म भरायच्या आधी एकदा खऱ्या वेळेला, शाळेच्या दिवशी, जाऊन या. राज्याच्या २०११ च्या स्कूलबस नियमांप्रमाणे प्रत्येक शाळेत परिवहन समिती असायला हवी आणि त्यात पालक असतात, बसमध्ये मुलींसाठी महिला मदतनीस पाहिजे. व्हॅनवाले काका कितीही चांगले असले तरी त्यांचं परमिट, लायसन्स एकदा बघा, त्यात काही गैर नाही.

ऑगस्ट २०२४ मध्ये आपल्याच जिल्ह्यात, बदलापूरला शाळेत लहान मुलींवर जो अत्याचार झाला त्यानंतर सरकारने शाळांना सीसीटीव्ही, कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी, तक्रारपेटी आणि सखी सावित्री समिती (मुलांच्या सुरक्षिततेसाठीची शाळेतली समिती) याबद्दल आदेश काढले. तुम्ही शाळेला विचारा की सखी सावित्री समितीत कोण आहे, लहान मुलांना संडासला कोण नेतं, तिथे बाई आहे की पुरुष. हे विचारताना अजिबात संकोचू नका. मुलाला मारणं किंवा अपमान करणं शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ खाली बंद आहे, आणि काही गंभीर वाटलं तर १०९८ हा नंबर चोवीस तास चालू असतो.

तक्रार कशी करायची

क्रम असा. आधी वर्गशिक्षिका, मग मुख्याध्यापकांना लेखी. उत्तर नाही आलं तर पालिकेच्या शिक्षण विभागाला, आणि नववी-दहावीचं किंवा पालिकेच्या आवाक्याबाहेरचं असेल तर जिल्हा परिषदेच्या माध्यमिक शिक्षणाधिकाऱ्यांना. त्याच्या वर शिक्षण उपसंचालक, मुंबई विभाग, चर्नी रोडला बसतात, ठाणे आणि रायगड दोन्ही त्यांच्याकडेच येतात. आरटीई कायद्याखालच्या तक्रारीवर स्थानिक प्राधिकरणाने तीन महिन्यांत निर्णय द्यायचा असतो, नाही पटला तर राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील.

खाजगी शाळा माहिती देत नसेल तर शिक्षण विभागाकडे माहिती अधिकारात अर्ज करा, दहा रुपये लागतात, मान्यतेची कागदपत्रं त्यांच्या फाईलला असतात. मी आमच्या जुन्या शाळेची तशीच काढली.

अर्जात एका वेळी एकच विषय लिहा, तारखा घाला, पावत्यांच्या झेरॉक्स जोडा, मूळ पावती कुणालाही देऊ नका. दोन-तीन पालकांच्या सह्या असल्या तर अजून चांगलं, एकट्याच्या मुलावर राग निघेल ही भीती प्रत्येकाला असते आणि ती खोटी नाही. आणि अर्ज आवक-जावकच्या खिडकीवर दिलात की पोचप्रतीवर शिक्का, तारीख आणि इनवर्ड नंबर तीनही आहेत का ते तिथेच उभं राहून बघा, कारण पुढच्या वेळी गेलात की पहिला प्रश्न तोच विचारतात, नंबर काय आहे.